पाण्यातल्या बागेची दुखणी

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने बागेची हौस करावी तरी कुठे? गॅलरीत चार कुंड्या ठेवल्या, तुळस लावली, मोगऱ्याचा एक वेल चढवला, की जागा संपली. म्हणूनच की काय, अलीकडे पुष्कळ घरांतून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाण्यातली बाग दिसू लागली आहे. काचेची पेटी, तळाशी बारीक खडी, तिच्यात रोवलेल्या हिरव्या-तांबूस पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून फिरणारे चिमुकले मासे. संध्याकाळी दिवा लागला, की घरातली मंडळी टीव्ही सोडून तिच्याकडे बघत बसतात.

पण ही मौज बहुधा दीड-दोन महिनेच टिकते. मग पाने पिवळी पडतात, त्यांना भोके पडतात, काचेवर शेवाळ चढते, आणि दुकानात टवटवीत दिसलेली वनस्पती उकडलेल्या मेथीसारखी मलूल होऊन खडीवर आडवी पडते. घरातले कुणीतरी उसासा टाकून म्हणते, "आमच्या हाताला गुणच नाही!"

मी महाविद्यालयात तीस वर्षांवर वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यापासून पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आणि आसपास या पेट्यांचा डॉक्टर म्हणून माझी उगाचच ख्याती झाली आहे. फी म्हणजे एक कप चहा, फार तर पोह्यांची बशी. या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो: पाण्यातल्या झाडाला कुणाच्या हाताचा गुण-अवगुण कळत नाही. ते खंगते ते कारणाने, आणि ते कारण बहुतेक वेळा पानावरच लिहिलेले असते. वाचायचे कसे, एवढेच शिकायचे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली बारा वर्षांची मुलगी एका शनिवारी बशीत दोन पाने घेऊन माझ्याकडे आली. डोळे भरलेले. तिच्या वाढदिवसाला वडिलांनी तीन फुटी पेटी घेऊन दिली होती. दोन महिन्यांत वनस्पतींची दशा झाली. वडिलांनी औषधांच्या पाच बाटल्या आणल्या, उपयोग शून्य. आजी म्हणाली, "पोरीच्या हाताला झाड लागत नाही, उगाच मुक्या जिवांचे हाल कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मासे आणि उरलीसुरली झाडे नदीत सोडून पेटी माळ्यावर टाकायचे ठरले.

"आजोबा, माझ्यामुळे मेली का हो ती?" तिने विचारले.

मी तिला म्हटले, "आधी पेशंट तर बघू दे!" आणि वर गेलो.

पेशंट बघायचा म्हणजे काय बघायचे, ते आता क्रमाने सांगतो. पहिला प्रश्न असा, की झाड खरोखर आजारी आहे का? दुकानात मिळणाऱ्या कित्येक पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. त्या पाण्यात बुडवल्या, की हवेत वाढलेली पाने गळतात आणि पाण्याला साजेशी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिन नावाची वनस्पती तर जागा बदलली तरी रुसून सगळी पाने टाकते. मुळे मात्र शाबूत असतात. लोक ती मेली समजून उपटतात आणि तिथेच घात होतो. ॲपोनोजेटॉनचा कंदही काही महिने वाढून मग विश्रांती घेतो. आपल्या साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा याच कुळातला. पावसाळा सरला की तो जमिनीतल्या कंदात जीव सांभाळून बसतो. विश्रांती घेणाऱ्याला मेलेला समजू नये!

याच्या उलट काही वनस्पती पाण्यातल्या नसतातच. 'लकी बांबू' म्हणून मिळणारा ड्रॅसिना किंवा रंगीत पट्ट्यांची काही कुंडीतली झाडे पेटीसाठी म्हणून सर्रास विकली जातात. त्यांची मुळे पाण्यात चालतात, पण पूर्ण बुडवली, की ती हळूहळू कुजतात. त्यांना इलाज नाही. काढून कुंडीत लावावे हेच बरे.

या मुलीच्या पेटीत गवतासारख्या लांब पट्ट्यांची व्हॅलिस्नेरिया होती, रुंद पात्यांची ॲमेझॉन सोर्ड होती, थोडी क्रिप्टोकोरिन आणि तांबूस शेंड्यांची रोटाला होती. सगळ्या अस्सल पाण्यातल्या. लावूनही दोन महिने झालेले. म्हणजे दुखणे खरे होते.

झाडाला जगायला उजेड, कार्बन डाय-ऑक्साइड आणि क्षार, हे तिन्ही लागतात. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने इंग्लंडमध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर प्रयोग केले. उन्हात पानांवर वायूचे बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, हे त्याने दाखवून दिले. पुढे १८४० च्या सुमाराला जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एक तत्त्व लोकांच्या गळी उतरवले: झाडाची वाढ त्याला भरपूर मिळणाऱ्या गोष्टीवर अवलंबून नसते, तर सर्वांत तुटपुंज्या गोष्टीवर असते. गृहिणींना हे समजावून सांगायलाच नको. डब्यात दहा किलो कणीक आहे, पण गॅसचा सिलिंडर संपला आहे, तर पोळ्या किती होतील? अशा वेळी आणखी पाच किलो कणीक आणणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? पण पेटीतले झाड सुकले, की आपण नेमके तेच करतो. ज्याचा तुटवडा आहे ते न शोधता बाटलीमागून बाटली ओततो.

आता उजेडाकडे वळू. त्या घरी पेटीवरचा एलईडी दिवा सकाळी आठला लागे आणि रात्री अकराला, सगळे झोपायला गेले की विझे. शिवाय पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट काचेवर येई. "झाडांना उजेड हवाच ना?" वडील म्हणाले. हवा, पण झाड तो वापरू शकेल इतकाच. बाकीच्या गोष्टी कमी असताना उरलेल्या उजेडावर शेवाळ मेजवानी झोडते, आणि पानांवर त्याची साय धरली, की पानाला उजेडच मिळत नाही. दिवसाला सहा ते आठ तास उजेड पुरतो, आणि तो रोज ठरलेल्या वेळी मिळावा. त्यासाठी प्लगमध्ये बसणारा टायमर घ्यावा. उलट उजेड कमी पडला, तर खोडे बारीक आणि लांबुडकी होतात, दोन पानांमधले अंतर वाढते आणि खालची पाने गळतात.

दुसरा कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतला कर्बवायू. हा वायू हवेच्या मानाने पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाण्यातल्या झाडाला बहुधा याचीच उपासमार होते. पंपाचे बुडबुडे झाडांसाठी असतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. ते बुडबुडे हवेचे. माशांना प्राणवायू मिळावा म्हणून ते चांगले, पण पाण्याचा पृष्ठभाग फार खळबळवला, तर पाण्यातला जादा कर्बवायू उडून जातो.

सिलिंडरमधून हा वायू सोडण्याची सोय आता मिळते. झाडे तिने जोमाने वाढतात, पण तिथे माशांच्या जिवाशी गाठ असते. अंधारात झाडे कर्बवायू घेत नाहीत. उलट माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात. वायू रात्रभर चालू राहिला, तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी टाकतात आणि कधी कधी सकाळ बघत नाहीत. तेव्हा दिव्याबरोबर वायूही बंद झालाच पाहिजे. पेटीत टांगायची एक काचेची कुपी मिळते. तिच्यातला द्रव निळा असला तर वायू कमी, हिरवा असला तर बेताचा आणि पिवळा झाला तर धोक्याचा. नवशिक्यांनी मात्र सिलिंडरच्या वाटेला न जाता उजेड मध्यम ठेवावा आणि सावकाश वाढणारी झाडे निवडावीत. कमी उजेडात कर्बवायूचीही गरज कमी भासते.

आता क्षारांचे प्रकरण. पाने वाचायची ती इथे. एकच गोष्ट आधी बघा, दुखणे जुन्या पानांवर आहे की नव्या?

घरात दूध कमी आले, की आई आपला कप बाजूला ठेवून मुलांचा पेला भरते. झाडही तसेच. नायट्रोजन, स्फुरद, पोटॅश आणि मॅग्नेशियम हे क्षार झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येतात. त्यांचा तुटवडा झाला, की झाड म्हाताऱ्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून लक्षणे खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. सबंध पान पिवळे पडले तर नायट्रोजन, पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅश, शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका झाला तर मॅग्नेशियम यांचा संशय घ्यावा. झाड खुरटले, पाने गडद आणि बारीक राहिली, तर स्फुरदाकडे लक्ष द्यावे.

लोह आणि कॅल्शियम यांचे तसे नाही. एकदा पानात बसले, की तिथेच ते कुलूपबंद होतात. म्हणून त्यांचा तुटवडा नव्या पानांवर उमटतो. शेंड्याची पाने पिवळट-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी. नवी पाने बारीक, वाकडीतिकडी, मुरगळलेली निघाली, तर कॅल्शियमचा प्रश्न.

त्या मुलीने बशीत आणलेल्या पानांपैकी एक जुने होते, भोकाभोकांचे. दुसरे सोर्डचे अगदी नवे पान, बोटाएवढे, आणि कुणी पिरगाळून ठेवावे तसे वळलेले. मी विचारले, "पेटीत पाणी कुठले घालता?"

वडील अभिमानाने म्हणाले, "सर, आम्ही पितो तेच. आर. ओ. चे. पहिल्या दिवसापासून दुसरा थेंब घातला नाही."

तिथे दुखण्याची गाठ सापडली. आर. ओ. यंत्र पाण्यातले बहुतेक सगळे क्षार काढून टाकते. माणसाचे त्यावाचून अडत नाही. त्याला ते अन्नातून मिळतात. पण पेटीतल्या झाडाचे पाणी हेच अन्न. दुकानातून आणलेल्या पाचही बाटल्यांवरची अक्षरे मी भिंगातून वाचली. दोनांत लोह आणि इतर सूक्ष्म द्रव्ये, एकात नायट्रोजन, दोन नुसती शेवाळ मारण्याची. कॅल्शियम एकाही बाटलीत नव्हते, पोटॅशही नव्हते. नायट्रोजन आणि स्फुरद माशांच्या विष्ठेतून आणि खाण्यातून थोडेफार मिळतातच. पोटॅशचा तुटवडा मात्र अशा पेट्यांत पुष्कळदा दिसतो. घरातल्यांनी मायेने सर्वांत शुद्ध म्हणून जे दिले, त्यातच झाडांची उपासमार चालली होती.

इमारतीला बोअरचे पाणी असेल आणि त्यावर मिठाने चालणारे सॉफ्टनर बसवले असेल, तर तिथेही हाच धोका. ते यंत्र पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडते. साबणाला फेस छान येतो, झाडाला काही मिळत नाही. उलट बोअरचे मूळचे जड पाणी व्हॅलिस्नेरियाला आणि हायड्रिलाला चांगले मानवते. त्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून आपला कर्ब मिळवू शकतात. इतर अनेक वनस्पतींना ती कला साधत नाही. म्हणून एकाच पेटीत एक झाड माजते आणि शेजारचे मरते.

मग उपचार सुरू केले. रविवारचे नदीवर जाणे मी सहा आठवडे पुढे ढकलायला लावले. आजींनी, "सर म्हणतात तर बघा बापडे," म्हणून परवानगी दिली. पहिल्या दिवशी फक्त दिव्याला टायमर लावला, सात तासांचा, आणि खिडकीला पडदा. दोन आठवडे बाकी काही नाही. मग पाणी. एकदम बदलले असते, तर माशांना सोसले नसते. म्हणून दर रविवारी पाचवा हिस्सा काढून तेवढे महापालिकेच्या नळाचे पाणी घालायचे, आणि त्यातला क्लोरीन मारायला आधी बाजारात मिळणारे हायपोचे थेंब टाकायचे. चौथ्या आठवड्यात पोटॅश असलेले पाणवनस्पतींचे खत अर्ध्या मात्रेने, आणि सोर्ड व क्रिप्टोकोरिन यांच्या मुळांशी खडीत खताची एकेक गोळी. ही झाडे मुळांवाटे भरपूर खातात, आणि धुतलेल्या खडीत खायला काहीच नसते. कुंडीतला युरिया मात्र चुकूनही पेटीत टाकू नये. त्यापासून होणारा अमोनिया माशांचा प्राण घेतो.

एका वेळी एकच बदल आणि मग दोन आठवडे वाट, हे पथ्य सर्वांत अवघड. पाच गोष्टी एकदम केल्या आणि झाड सुधारले, तरी कशाने सुधारले ते कळत नाही; बिघडले, तर मुळीच कळत नाही. बिघडलेले पान पुन्हा कधी नीट होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. भोक पडले ते पडले. त्याच्याकडे बघून निराश होण्यात अर्थ नाही. अगदी सडलेली पाने कात्रीने कापून टाकावीत आणि नजर नव्या पानावर ठेवावी. मुलीला मी एक वही करायला सांगितली. दर रविवारी मोबाइलवर एक फोटो काढायचा, आणि वहीत तारीख, पाण्याचे तापमान, काय बदलले आणि नवे पान कसे आहे ते लिहायचे.

पाचव्या रविवारी तिने जिन्यातूनच हाक मारली. सोर्डला नवे पान आले होते. फिके होते, पण सरळ. आठव्या आठवड्यात तसली तीन पाने झाली आणि व्हॅलिस्नेरियाने खडीखालून धावता फुटवा काढून शेजारी एक पोर बसवले. रोटाला मात्र वाचली नाही. ती फार थकली होती. मुलीने वहीत लिहिले, "रोटाला गेली. कारण: उशीर." मला ते आवडले. 'हात' हा शब्द तिच्या वहीत कुठे नव्हता. आजीच आता टायमर लागला की नाही ते बघायला पेटीजवळ खुर्ची टाकून बसतात.

मासे आणि झाडे नदीत गेली नाहीत, याचा मला वेगळा आनंद झाला. मुक्या जिवांना मोकळे करण्याची भावना चांगली, पण त्याने नदीवर संकट येते. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा पेट्यांच्या व्यापारातून आला आणि आज आपल्या उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. केरळात कॅबोम्बा या शोभेच्या पाणवनस्पतीने कालवे व्यापले आहेत. जलपर्णीचे प्रताप तर आपण रोज पुलावरून बघतो. पेटी मोडायचीच असेल, तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत आणि झाडे उन्हात वाळवून कचऱ्यात टाकावीत. तसेच उलट दिशेने, कासवरून किंवा कोकणातल्या ओढ्यांतून रानटी क्रिप्टोकोरिन आणि वायतुरा उपटून आणू नयेत. त्यांचे घर तेच आहे.

उन्हाळ्याचेही सांगून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत पेटीतले पाणी बत्तीस अंशांवर गेले, की क्रिप्टोकोरिन आणि पाण्यातले मॉस वितळल्यागत होतात. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्या दिवसांत खत कमी, उजेडही तासभर कमी. ॲन्युबियास आणि जावा फर्न खडीत गाडू नयेत; त्यांचे जाड आडवे खोड गाडले, की कुजते. ती दगडाला दोऱ्याने बांधावीत. आणि सोनेरी मासा हा हिरवी पाने आवडीने खाणारा प्राणी आहे. तुमच्या झाडाला रोज नवे भोक पडत असेल, तर खताआधी त्याच्याकडे बघा!

असा शोध घ्यायची परंपरा या छंदाइतकीच जुनी आहे. १८४९ साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका मोठ्या भांड्यात दोन लहान सोनेरी मासे आणि हीच आपली व्हॅलिस्नेरिया ठेवली. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टनने भांडे ओतून दिले नाही. कुजकी पाने कोण खाते, याचा विचार करून त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. झाडे, मासे आणि गोगलगायी यांचा मेळ घातलेली आजची मत्स्यपेटी त्या प्रयोगाच्या ऋणात आहे.

आता दिवाळीची साफसफाई संपत आली असेल. माळे झाडून झाले, डबे घासून झाले, आणि कुणाची तरी नजर पेटीकडे वळली असेल. कृपा करून ती रिकामी करून खडी गरम पाण्याने धुऊ नका. त्या खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू वसतीला असतात, आणि मुळे एकदा उपटली, की झाडाचे दोन महिने वाया जातात. पाव हिस्सा पाणी बदला, काच आतून पुसून घ्या, स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात खंगाळा. घराला रंग देत असाल, तर पेटी झाकून ठेवा आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद करा. गावी जाणार असाल, तर टायमर लावून खुशाल जा. निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस सहज उपाशी राहतात. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेल्या मूठभर खाण्यानेच ते मरतात. परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी एकदा पेटीत डोकावा आणि सर्वांत नवे पान कसे आहे ते बघून ठेवा.